साडूंची फेरी आणि सासऱ्यांचं कलिंगड

"घड्याळ कुणाचा जावई नसतं!" टायरच्या दुकानातल्या बाकावरून थोरल्या साडूंनी जाहीर केलं. पंक्चरसाठी खोळंबलेल्या शिंप्यानं कान टवकारले.

"नसेल," धाकटा साडू म्हणाला, "पण ते धरलं होतं तुमच्या बायकोनं."

"तुझी मेहुणीच ना ती?"

"म्हणूनच तर ओळखून आहे."

"माझ्या स्पोर्ट्स कारनं मैदानाची फेरी तुझ्या गाडीपेक्षा चार सेकंद आधी मारली. खरं की नाही?"

"तुम्ही पळालात सकाळच्या गारव्यात, कोऱ्या टायरांवर. मी भर दुपारी, झिजलेल्या टायरांवर, शेजारी सासरेबुवांना घेऊन. त्यांच्या मांडीवरच्या कलिंगडासकट!"

"कलिंगडानं काय होतंय?"

"तुम्ही घेतलं होतंत का?"

"उगाच फाटे फोडू नकोस. रात्री जेवताना सगळ्यांसमोर हार कबूल कर."

"उपाशी झोपेन, पण कबूल करणार नाही! एकाच दिवशी, सारख्या टायरांवर, दोन्ही गाड्या एकाच माणसानं पळवायच्या. मग बोला."

"कुणी पळवायच्या?"

"सासूबाईंनी पळवल्या तरी चालेल!"

"ठरलं. रविवारी तुझी जिरवतो."

"बघूच कोण कुणाची जिरवतो!"

तेवढ्यात थोरल्यांच्या गाडीची किल्ली आली. दोघं त्याच गाडीनं घरी जायला उठले.

"दादा..."

"आता काय?"

"वळणं जरा बेतानं घ्या. मला गाडी लागते."