पोशेऱ्याच्या उकिरड्या

आमच्या पोशेऱ्यात एका हाकेला पाच-सहा पोरी वळायच्या, तुम्हाला खोटं वाटेल. तेव्हा जव्हारला राजे होते. तापाच्या साथीत आमच्या पाड्यावरची सगळी तान्ही पोरं गेली, एकच वाचली. तिच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून आईनं तिला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून शेजारणीकडून उचलून घेतलं होतं आणि नाव ठेवलं उकिरडी. मरणानं केर समजून पुढं जावं म्हणून. ती वाचली, आणि मग घरोघर उकिरड्या झाल्या.

माझी पहिली दोन गेली. तिसरी झाली तेव्हा सासूनं तिला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं आणि उचलायला त्या पहिल्या उकिरडीलाच बोलावलं. ती तोवर बाई झाली होती. आली, पण हात पुढं करीना.

"उचल की," सासू म्हणाली.

"गेल्या साली तीन उचलल्या. तिघींना माझंच नाव दिलं. नागलीची कापणी व्हायच्या आत तिघी गेल्या."

"मग आम्ही काय करायचं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "पोरीला घरात ने, बाय. आहे तोवर तरी चांगल्या नावानं हाक मार."