उघडी दांडी

...नाही दादा, तो हिरवा रेडिओ विकायचा नाही. बाकीचे बघा ना, हा लाल बघा — भंगारात मिळाला तेव्हा आत झुरळांचं घर होतं, आता झकास वाजतो. आतले काचेचे वॉल्व शोधायला चोरबाजार पालथा घातला मी. बाबांनी शिकवलं सगळं — कुंडलिक मेकॅनिक म्हटलं की घाटकोपरात कोणीही घर दाखवायचं. हिरवा बाबांचाच, शेवटचा राहिलेला. बाबांचे बाकीचे फोडले ना. कोणी म्हणजे — नवऱ्याने, दशरथने. कारखाना बंद पडला, हा घरात, आणि लोक रेडिओ घेऊन 'चंपाताई आहेत का' विचारत येणार, ते खुपायचं त्याला. आधी नुसता मारायचा. मग सेट ओट्यावर आपटायला लागला, काचा माझ्या पायात — शेजारची कुंदा चिमट्याने काढायची आणि तीच रडायची. मग एकदा सोल्डरिंगची गरम सळई घेतली आणि इथे, हे बघा, मनगटावर दाबून धरली. कातडी जळायचा वास येईपर्यंत. मी ओरडले नाही, तर चेव आला त्याला. म्हणाला, "उद्या डोळ्यात घालीन."

घातली असती हो. मी ओळखते ना त्याला.

या छोट्या सेटांचं कसं असतं, आत ट्रान्सफॉर्मर नसतो. दोन पिनांचा प्लग सरळ लावला तर काही नाही, उलटा लावला तर आतल्या सगळ्या पत्र्यात, नॉबच्या दांडीत करंट. वर प्लास्टिकचा नॉब असतो म्हणून हाताला लागत नाही. दुसऱ्या दिवशी हिरव्याचा नॉब मी धुवायला काढला होता — धुवायलाच, साबणाच्या पाण्यात पडलेला कुंदाने पाहिलाय — तर नुसती लोखंडी दांडी उघडी. हा मोरीतून ओल्या अंगाने आला, सेट चालू बघितला आणि भडकला. मी म्हटलं, "हात लावू नकोस." मोठ्याने म्हटलं, कुंदाने ऐकलं. आता मी नको म्हटल्यावर तो काय करणार? तेच करणार ना. बंद करायला दांडी मुठीत धरली आणि मूठ सुटेना. दात कडाकडा वाजत होते, तोंडाला फेस, डोकं मागच्या भिंतीवर आपटत होतं — आपटलं की रक्त, परत आपटलं की परत रक्त — आणि डोळे माझ्याकडे. प्लग मीच काढला. पोलिसांनाही तेच सांगितलं. लगेच? लगेचच म्हणायचं. टेबलावर ती सळई होती, ती बघितली, मग माझं मनगट बघितलं, मग काढला.

मेला कुठे, पडद्याआड झोपलाय. उजव्या हाताची बोटं कापावी लागली. मीच भरवते. घास पुढे केला की आधी माझ्या हाताकडे बघतो, मग तोंड उघडतो. घरात आता आवाज नसतो कसला.

काय म्हणालात? प्लग — आता उलटा कसा लागला काय सांगू, लागतो एखाद्या वेळी, घाईत. दुसऱ्या कोणाच्या हातून लागतो. मी कुंडलिक मेकॅनिकची मुलगी आहे दादा, लहानपणापासून हेच करते, माझ्या हातून प्लग कधी चुकून उलटा —

...

निघा तुम्ही आता. त्याच्या जेवणाची वेळ झाली.