माईकवरच सांगते

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, पंचायतीच्या रमणी टीचर, व्यासपीठावर बसलेले आमचे श्रीधरन वैद्यर, दूरवरून उपचारांसाठी आलेले पाहुणे, आणि माझ्यासोबत तेलात हात बुडवून आयुष्य काढलेल्या माझ्या बहिणींनो, सर्वांना विलासिनीचा नमस्कार.

माझ्याबद्दल इथे फार चांगलं बोललं गेलं. मागच्या निरोपालाही असंच बोलले होते. हो, हा माझा पहिला निरोप नव्हे. मागच्या वेळीही शाल मिळाली, पायसम झालं, वैद्यरांचे डोळे भरून आले. आणि सोमवारी मी केस विंचरते आहे तोच दारात जीप उभी. "विलासिनीचेची, फक्त या एका पेशंटपुरतं," ड्रायव्हर म्हणाला. तो एक पेशंट अजून संपलेला नाही.

तुम्ही हसताय. मीही आजवर हसतच आले.

नाही का म्हटलं नाही? माझ्या नवऱ्याला अर्धांगवायू झाला, तेव्हा वैद्यरांनी त्यांना याच घरातल्या तेलाच्या लाकडी द्रोणीत झोपवून पुन्हा चालतं केलं. त्यानंतर या घराला नाही म्हणायला माझी जीभ उचलली नाही. रजा मागितली की वैद्यर मायेनं म्हणत, "घरच्या माणसानं कधी रजा मागायची असते का गं?" नोकर असते तर भांडले असते. घरच्या माणसानं काय करावं?

माझी मुलगी श्रीजा तेव्हा पहिलटकरीण होती. ऐन कर्किडकात, पावसातल्या उपचारांच्या हंगामात, बाळंत झाली. मी निर्गुंडीचा, एरंडाचा पाला उकळायला ठेवला होता, तेल कोमट केलं होतं. तिच्या पाठीला हात लावणार, तोच हॉर्न वाजला. कुणा मोठ्या माणसाची आई आली होती, तिला माझेच हात हवे होते. श्रीजा कूस बदलून म्हणाली, "जा अम्मा. त्यांना पाठ आहे. मला कुठे आहे?" तिला शेजारच्या बाईनं न्हाऊ घातलं. मी इथे त्या आजींच्या गुडघ्यांवर औषधी पुरचुंडी फिरवत होते. आजी म्हणाल्या, "किती शांत वाटतंय." मीही "हो" म्हटलं.

आता थोडं अवघड बोलते. मघाशी वैद्यरांनी जाहीर केलं, की सोमवारपासून मी नव्या मुलींना शिकवायला येणार. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मला ते तुमच्याबरोबरच कळलं.

वैद्यर, तुम्ही खूण करताय, आत बसून बोलू म्हणून. नको. आत तुम्ही चहा मागवाल, माझ्या नवऱ्याची आठवण काढाल, आणि मी हो म्हणेन. मी मला ओळखते. म्हणून इतक्या माणसांदेखत सांगते: सोमवारी मी येणार नाही. मंगळवारीही नाही. मुलींना सगळं येतं. येत नसेल तर चुकत चुकत शिकतील.

श्रीजाला परवा दुसरं बाळ झालं, मुलगी. बाळंतीण घरी आहे. पाणी चुलीवर ठेवूनच मी निघाले.

रमणी टीचर, आपण वेळ काढून आलात, आभारी आहे. वैद्यर, तुमचे उपकार खरे आहेत, ते मी नाकारत नाही. बोलताना कुणाचा मान राहिला नसेल, तर मोठ्या मनानं सोडून द्या. पायसमला मी थांबत नाही. पाणी फार कढलं तर विसण घालत बसावं लागेल, आणि तिला बसवत नाही अजून.