बाबांना पिक्चर काळा दिसायचा

तो रिमोटचा किस्सा परत सांग म्हणू नका. तुम्हाला तो अर्धाच माहितीय.

आचोळ्याच्या फ्लॅटमध्ये मी होम थिएटर केलं, तेव्हापासून बाबा रोज म्हणायचे, "पिक्चर काळा दिसतो रे." मी त्यांना एचडीआर समजावलं. पिक्चरमधला उजेड आपल्या टीव्हीला झेपेल इतका खाली आणावा लागतो, त्याला टोन मॅपिंग म्हणतात, आणि थोडा अंधार मुद्दाम ठेवलेला असतो. तरी त्यांचं रोज तेच. मी यूट्यूबवर बघून बघून सेटिंग वर-खाली करायचो आणि विचारायचो, "आता?"

"कडेला कोणी बोलतोय, तो माणूस दिसतच नाही," बाबा म्हणायचे.

एकदा माझं डोकं फिरलं. एकही बटण न दाबता नुसता रिमोट टीव्हीसमोर धरला आणि विचारलं, "आता?"

"हां, आता झकास."

यावर तुम्ही सगळे हसला होतात. मीही वर्षभर हेच सांगत फिरलो.

गेल्या महिन्यात बाबा जिन्यात पडले, पायरी दिसलीच नाही म्हणाले, म्हणून त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. त्यात नजर कडेकडून जाते आणि गेलेली परत येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. वर बाबांनाच ओरडले, "काका, इतके दिवस घरात कोणाला काही बोलला नाहीत?"

"बोललो की," बाबा म्हणाले. "ह्याने सेटिंग बदलून दिली."