रंगू पुढं होती

हिरी : हात धरून गाडीत कोंबलंस मला. चोरलेल्या कोंबडीसारखं.

किशोर : आये, ओरडू नको. शेजारी ऐकतात.

(खर्डीची डोंगर-शर्यत दुपारीच संपली. साठी ओलांडलेली हिरी ओट्यावर बसून पायाची पट्टी सोडतेय. मुलगा किशोर शर्यतीत कामाला होता. अंगात अजून आयोजकांचा टी-शर्ट.)

हिरी : ऐकू देत. मी थांबते बोलले होते? चक्कर आली होती मला?

किशोर : नाय. पण टाइम संपत आला होता. पोरं पळून, मेडल घेऊन, जेवून पण गेली. मागं तुमी दोघी म्हाताऱ्याच. सर मला बोलले, ती तुझी आई ना? घे तिला गाडीत, आपण मोकळे होऊ.

हिरी : संपत आला होता. संपला नव्हता.

किशोर : तू चालत होतीस, आये! ती काय शर्यत झाली?

हिरी : मग काय फिरायला गेलते? म्हसा गावची रंगू माझ्या पुढं होती. गेल्या साली तिनं हरवलं मला. आज उतारावर तिचा गुडघा आखडला, तिथनं मी अंतर तोडत आणलं. वळणावर तिनं मागं बघितलं नि झपाझप पाय उचलला. घाबरली होती रे ती मला!

किशोर : मला काय ठाऊक?

हिरी : विचारलंस? पळणारी पोरं पळाली त्यांच्यात. आमची दोघींची चालली होती.

किशोर : लोक हसत होते. व्हिडिओ काढत होते. मला नाय बघवलं.

हिरी : म्हणजे लाज तुला वाटली, नि शर्यत माझी गेली. रंगूला पण उचललं?

किशोर : ...नाय. ती बसायला तयारच नाय झाली. तिचा मुलगा पण बोलला, चालू दे तिला.

हिरी : पोचली?

किशोर : पोचली. शर्यत संपते तिथली कमान सोडवायला घेतली होती, पण टाइमात आली. साठीच्या वरच्या बायकांत पहिली.

हिरी : काय बोलली?

किशोर : हिरी कुठाय, विचारत होती. मी बोललो, दमली, म्हणून गाडीत बसली.

हिरी : दमली बोललास?

किशोर : मग काय सांगणार होतो? ...पुढच्या साली परत नाव घालू तुझं. मीच घालतो.

हिरी : घाल. फक्त त्या दिवशी तू घरी राहा.