मागणीचा कप

नाही, नाही, बस. प्यायलास तर प्यायलास — कॉफी होती, विष नव्हतं. फक्त कसं असतं, औस बाळा, मुलीला मागणी घालायला आलेली मंडळी तो कप आधी पुढ्यात ठेवून देतात — मुलगी दिली म्हणा, मगच ओठाला लावू, असं त्यांच्यातलं वडीलधारं माणूस म्हणतं — मग मुलीचा बाप थोडा विचार केल्यासारखं करतो — तू तर बसल्या बसल्या संपवलास. वर साखर मागितली नाहीस, उपकार झाले. म्हणजे रिवाजाप्रमाणे मी मुलगी देऊन मोकळाही झालो, तू न मागताच.

आणि एकटाच आलास. वडील? — असू दे, गुडघे दुखत असतील. काका, मामा? — कळलं, हा तुमच्या दोघांचा प्रश्न आहे. आमची लेक रुबाही हेच म्हणते. चूक तिची नाही — इर्बिदच्या विद्यापीठात मीच जन्मभर शिकवलं की व्यक्ती ही घराण्याची मालमत्ता नव्हे. पोरं टाळ्या वाजवायची. माझ्याच घरात कुणी ते मनावर घेईल असं वाटलं नव्हतं.

अंगणातल्या खुर्च्या बघतोयस? भाड्याच्या आहेत. तुमच्या लोकांसाठी — बरं, आमच्याही. माझा थोरला भाऊ हाबिस म्हणाला, एका पोराच्या स्वागताला अख्खं घराणं कशाला उठवू, तुझं तू बघ, तू तर स्वतंत्र विचारांचा. हसलासुद्धा. चुकला का तो? मला नाही वाटत — वाटतंही — कोण जाणे.

तसं तुम्ही अम्मानमध्ये फ्लॅट घेतलाय, माहितेय मला. पडद्यांचा रंगही ठरला. रुबाने फोटो दाखवला, मत नाही विचारलं. मग तू आज आलास कशाला? — तिने पाठवलं? बाबांना बरं वाटेल म्हणून? — अस्सं. आणि मी सकाळपासून आरशासमोर एक वाक्य घोकतोय — आमची मुलगी आता तुमची — इतकं साधं वाक्य, तरी दर वेळी शेवटच्या शब्दाशी अडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. आणि ते म्हणायची वेळच येऊ नये?

थांब, उठू नकोस. हा दुसरा कप. पिऊ नकोस — खाली ठेव. हं. आता माग. असं नाही, पाठ केल्यासारखं नको. मी ‘नाही’ म्हणू शकतो, असं समजून माग.