उल्काचा डोस आणि मामांची फाइल

सकाळी नऊ वाजून बावीस मिनिटांनी! बायांनो, मी घड्याळ बघितलं म्हणून सांगते, नाहीतर माझ्या डोक्यात हल्ली कसली वेळ राहते... नऊ बावीसला माझ्या पायात चपला, कडेवर उल्का, खांद्याला पिशवी, पिशवीत लंगोट, बाटली, डोसचं कार्ड, सगळं तयार. पोरीला नऊ महिने पुरे झालेले, गोवराचा डोस द्यायचा, दवाखाना आमच्या दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या क्वार्टर्सच्या मागेच, पाच मिनिटांचा रस्ता... आणि तेवढ्यात आमच्या ह्यांचा फोन वाजला. टिंग! त्या एका टिंगनं माझे सोळा दिवस खाल्ले, तुम्हाला सांगते.

"थांब," हे म्हणाले, "भाऊसाहेबमामांचा मेसेज आहे."

भाऊसाहेबमामा म्हणजे ह्यांचे सख्खे मामा. चौतीस वर्षं सेंट्रल गव्हर्नमेंटात काढली, आता रिटायर होऊन गुरुग्रामला मुलाच्या फ्लॅटवर असतात, सतराव्या मजल्यावर. मेसेज काय? "सावधान! जगातली तेरा श्रीमंत घराणी पंधरा दिवसांनी गुरुग्रामच्या हॉटेलात गुप्तपणे जमणार. पेपरात एक ओळ येणार नाही. दुनिया हेच लोक चालवतात. लहान मुलांना डोसातून काय टोचायचं ते इथेच ठरणार. अकरा जणांना पाठवा." आणि खाली मामांनी स्वतःचं जोडलेलं, "हॉटेल माझ्या बाल्कनीसमोरच आहे. लक्ष ठेवून आहे. तोवर उल्काचा डोस स्थगित."

स्थगित! पोरगी आहे का पूल आहे?

मी म्हटलं, "अहो, असले मेसेज रोज येतात." हे म्हणाले, "मामा चौतीस वर्षं सरकारात होते, त्यांना आतलं कळतं." मी म्हटलं, "ते स्टेशनरी सेक्शनला होते ना?" तर म्हणाले, "मग? कुठला कागद कुठे जातो ते त्यांनाच ठाऊक!" काढल्या चपला.

बरं, मामांनी नुसता मेसेज पाठवून गप्प बसावं की नाही? नाही! त्यांनी फाइल उघडली. खरीखुरी! हिरवे नोटिंगचे कागद, कोपऱ्यात भोक, त्यात टॅग, वर 'विषय: गुप्त बैठक व चि. उल्काचा डोस'. त्यावर आमचे हे, स्वतः क्लार्क माणूस, दर शनिवारी जाऊन खाली लिहून येतात, "कृपया निर्णय व्हावा." मामा लिहितात, "चर्चा करावी." मग चर्चा करतात, भजी खातात, फाइल तिथेच. आणि मी विचारलं की घरी येऊन मला सांगतात, "फाइल मूव्ह झालीय." अहो कुठून कुठे मूव्ह झाली? टेबलावरून टीपॉयवर!

तेवढ्यात खालच्या कुमुदवहिनींच्या मुलाला ताप आला. एकशे तीन. तिसऱ्या दिवशी तोंडावर, मानेवर लाल पुरळ... गोवर. तो पोरगा आदल्याच आठवड्यात आमच्याकडे येऊन उल्काचे गालगुच्चे घेऊन गेलेला! दर दहा मिनिटांनी हिच्या कपाळाला हात लावायचा, हिचे कान बघायचे, पाठ बघायची. डासानं चावलं तरी मी दिव्याखाली धरून बघायची, पुरळ आहे का, पुरळ आहे का... पोरगी बिचारी हसायची, तिला वाटायचं खेळतेय आई. ह्यांचाही चेहरा उतरला, नाही असं नाही, पण तोंडातून काय निघालं? "फाइल मामांकडे आहे गं."

मी म्हटलं, "पोरगी तुमची आहे का मामांची?" तर हळूच म्हणाले, "तू स्वतः जा ना. समोर बसून सही घेऊन ये."

दुनिया म्हणे ती तेरा घराणी चालवतात! माझी दुनिया तर एका रिटायर माणसाच्या सहीवर अडकली होती.

शुक्रवारी सकाळी पोरीला घेऊन मेट्रो बदलत बदलत गेले गुरुग्रामला. मामा बाल्कनीत. डोक्याला टोपी, डोळ्यांना दुर्बीण, मांडीवर ती फाइल. सरलामामींनी दार उघडलं आणि कानात म्हणाल्या, "पंधरा दिवस झाले गं, मला जेवणाचं ताटसुद्धा तिकडेच न्यावं लागतंय."

"सूनबाई, ये, बघ!" मामा म्हणाले. "काळ्या गाड्या सव्वीस. पडदे बंद. आणि बोर्ड? बोर्ड कुठाय? अगं, लग्न असलं तरी हॉटेलवाले लावतात, अमुक वेड्स तमुक. इथे बोर्डच नाही! यावरून काय सिद्ध होतं?"

"मामा, सही देता का?"

"बैठक संपल्याशिवाय कशी देणार?"

"संपणार कधी?"

"अगं, ते गुप्त आहे!"

मी उठले. बायांनो, भांडले नाही, रडले नाही, माझ्यात तेवढाही जीव उरला नव्हता. लिफ्टनं खाली आले. म्हटलं, सही गेली खड्ड्यात, इथलाच सरकारी दवाखाना शोधू, कार्ड तर आहेच. पण गुरुग्रामात विचारणार कुणाला? रस्त्यावर माणूसच नाही, नुसत्या गाड्या. एकच माणूस दिसला, समोरच्या हॉटेलच्या गेटवरचा गार्ड. मी रस्ता ओलांडला आणि नेमकी तेव्हाच उल्कानं... आता काय सांगू, आई आहात तुम्हीही... लंगोट, झबलं, माझा पदर, सगळं!

गार्डनं नाक धरलं, हरियाणवीत म्हणाला, "ओ बहनजी, पहले छोरी ने साफ कर ले। भीतर जा, बाएँ हाथ।"

म्हणजे बघा, जगातली सगळ्यात गुप्त बैठक, आणि आत जायला पास काय लागला, तर पोरीची शी!

आत गेले. गालिचा असा की चप्पल रुतते. एक दार अर्धं उघडं, मी पाहिलं, का नाही पाहायचं? हे एवढं मोठं गोल टेबल, भोवती सूट घातलेली पन्नास-साठ माणसं, आणि एक गोरा म्हातारा म्हणतोय फार गार आहे, दुसरा आपल्याकडचाच, घाम पुसत म्हणतोय फार गरम आहे, आणि तीन मॅनेजर एसीच्या बटणाखाली उभे, एक वाढवतो, एक कमी करतो, तिसरा माफी मागतो. मी बाथरूममध्ये पोरीला धुतलं, पुसलं, बदललं, परत येते तर अजून तेच! आणि म्हणे हे दुनिया चालवतात! नाही, काही ठरवतच नसतील असं मी म्हणत नाही. ठरवत असतील, आपल्याला विचारून थोडंच ठरवतात. पण त्या घटकेला तरी एसीचा आकडा ठरत नव्हता.

बाथरूममध्येच एक मॅडम भेटली होती. गळ्यात बिल्ला, पायांतल्या उंच चपला काढून फरशीवर अनवाणी उभी. मी म्हटलं, आता समोरच आहे तर विचारून टाकू. "मैडम, आप लोग बच्चों के टीके में कुछ डालते हो क्या?"

तिनं माझ्याकडे बघितलं. "मैं? मैं तो सुबह से यही तय करवा रही हूँ कि कौन किसके बगल में बैठेगा!"

"और आपके बच्चे?"

"दो हैं। दोनों को सारे टीके लगे हैं, टाइम पे।" मग तिचं लक्ष उल्काकडे गेलं. "इसकी कितनी उमर? नौ महीने? खसरे का लगवाया?" म्हणजे आपला गोवर. मी नाही म्हणून मान हलवली. तर ती माझ्यावर अशी ओरडली, अशी ओरडली... सख्खी नणंद ओरडणार नाही! "पागल हो? किसका इंतज़ार कर रही हो?"

आता तिला काय सांगू, फाइलचं?

बाहेर आले. गार्डला विचारलं. म्हणाला, "पिछली गली में सै सरकारी डिस्पेंसरी। मेरी छोरी के भी वहीं लगे। आज शुक्कर सै, एक बजे तक मिल जागी।" शुक्रवार, म्हणजे डोसचा वार! पावणेबाराला मी रांगेत, सव्वाबाराला डोस. उल्का रडली, मी तिच्याहून जास्त रडले, सिस्टर म्हणाली, "सुई किसको लगी है?"

आणि तेवढ्यात फोन. मामा! "सूनबाई, अकरा वाजून आठ मिनिटांनी एक बाई, कडेवर मूल, गार्डशी बोलून थेट आत! पंचवीस मिनिटांनी हसतमुखानं बाहेर! मी नोंद केली आणि मग दुर्बिणीतून चेहरा बघितला... सूनबाई, तू? तू त्यांच्यातली?"

मी म्हटलं, "मामा, डोस दिला." तर म्हणाले, "म्हणजे त्यांचा पहिला आदेश तूच पाळलास." आणि मागून सरलामामींचा आवाज, "शाबास गं पोरी!"

ह्यांना सांगितलं तर हे खुर्चीत बसले, उल्काला जवळ घेतलं, बराच वेळ तिच्या दंडाला फुंकर घालत राहिले. मग म्हणाले, "बरं झालं. पण फाइलवर काय लिहायचं?"

आता परवापासून नवीन मेसेज फिरतोय, तुमच्याही फोनवर आला असेल. "सावधान! गुप्त बैठकीत मराठी बाई सामील, कडेवर मूल घेऊन फिरते." ती मीच. दुनिया म्हणे आता मी चालवते! घरातला रिमोट हातात येत नाही माझ्या. येऊ दे, म्हणू दे, मी दमले खुलासे करून. तुम्ही एवढंच करा, तो मेसेज पुढे पाठवाल, पाठवणारच आहात, तर खाली माझ्या वतीनं एक ओळ जोडा: गोवराचा डोस नऊ महिन्यांना, कार्ड विसरू नका, वार आणि वेळ आपापल्या दवाखान्यात विचारा, सही कुणाचीच लागत नाही. निदान अकरा जणींना पाठवा.